‘रेखेंट’ नेमके कोण होते? सरदार, सावकार की आणखी कुणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: २० ऑगस्ट १६७२ रोजी नेदरलंड्समधल्या हेग शहरात जमावाने हॉलंड प्रांताचा मुख्य सचिव राहिलेला योहान द विट आणि त्याचा भाऊ कॉर्नेलिस या दोघांना भर रस्त्यात ठार मारलं, प्रेतांची विटंबना केली. द विट राजा नव्हता, मोठ्या सरदारघराण्यातलाही नव्हता. तरीही लोकांचा राग ‘राज्यकर्त्यां’वरच होता. मग त्या देशात राज्य करत होतं कोण? पुस्तकांत ज्यांना ‘रीजंट’ म्हटलेलं असतं ते लोक उमराव होते, व्यापारी होते, की आपल्याकडच्या वतनदारांसारखे?

गेली पंचवीस वर्षं मी डच ईस्ट इंडिया कंपनीचे आपल्या मुलखाशी संबंधित कागद वाचतो आणि विद्यार्थ्यांना ते वाचायला शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि विचारायलाच हवा, कारण तो सुटल्याशिवाय ते कागद नीट कळत नाहीत.

आधी शब्द. डच भाषेत उच्चार साधारण ‘रेखेंट’ असा आहे. इंग्रजी इतिहासात राजा अज्ञान असताना त्याच्या नावाने कारभार पाहणाऱ्याला रीजंट म्हणतात. त्या अर्थाशी इथे घोटाळा करू नका. डच रेखेंट म्हणजे नगरपरिषदेत किंवा तिच्या हातातल्या संस्थांमध्ये बसून कारभार करणारा माणूस. खुर्ची आहे तोवर तो रेखेंट. मग तो साबणाचा कारखानदार असो, धान्याचा व्यापारी असो की वैद्य. माणूस रेखेंट ठरायचा तो या खुर्चीमुळे, आणि ती मिळायची कशी हे कळलं की बाकीचा इतिहास आपोआप उलगडतो.

ही सत्ता नगरांकडे आली कशी, तेही पाहू. १५८१ मध्ये उत्तरेकडच्या प्रांतांनी स्पेनच्या फिलिप राजाचं राज्य झुगारलं. मग राजाच्या जागी कोण? एकदोन परदेशी राजपुरुष आणून पाहिले, ते जमलं नाही. हॉलंड प्रांतात सरदारवर्ग लहान आणि तुलनेने दुबळा होता, पैसा शहरांत होता. त्यामुळे सार्वभौमत्व घरंगळत शहरांच्या सभागृहांत येऊन पडलं. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये हा बदल थोडा आधी, २६ मे १५७८ रोजी घडला. जुन्या कॅथलिक परिषदेच्या सभासदांना होड्यांत बसवून शहराबाहेर नेऊन सोडलं, आणि त्यांच्या खुर्च्यांवर प्रॉटेस्टंट व्यापारी आले. त्यांतले बरेच जण स्पेनच्या भीतीने परागंदा झाले होते, ते नुकते परतले होते. पुढची दोन शतकं अ‍ॅम्स्टरडॅमवर राज्य करणाऱ्या अनेक घराण्यांचा उदय त्या एका दिवसाशी जोडता येतो.

आता यंत्रणा पाहू. अ‍ॅम्स्टरडॅमच्या नगरपरिषदेला ‘व्रुटस्खाप’ म्हणत, म्हणजे शहाण्यांची मंडळी. सभासद ३६, नेमणूक तहहयात. एखादा वारला की उरलेले सभासद नवा माणूस निवडत. लोकांना मत नव्हतं. १६७० च्या सुमारास शहराची वस्ती दोन लाखांच्या घरात होती. त्यांतले हे ३६. पण खरी ताकद त्यांच्याही वर बसलेल्या चार बर्गोमास्टरांकडे, म्हणजे नगरप्रमुखांकडे. आजीमाजी बर्गोमास्टर आणि न्यायाधीश यांचं मंडळ दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन नवे बर्गोमास्टर निवडायचं. जुन्यांपैकी एक मागे राहायचा, म्हणजे कारभाराचा धागा तुटू नये. हे चौघे शहराच्या नोकऱ्या वाटत, तिजोरीच्या किल्ल्या सांभाळत, आणि हॉलंडच्या सभेत शहराचा प्रतिनिधी काय बोलणार तेही मुख्यतः तेच ठरवत.

हॉलंडच्या सभेत १९ मतं होती: १८ शहरांची १८ आणि सगळ्या सरदारांचं मिळून एक. पुर्मरेंडसारख्या लहान गावाचं मत आणि अ‍ॅम्स्टरडॅमचं मत कागदोपत्री सारखंच. त्याच्या वर हेगमधली सात प्रांतांची सभा, तिथे प्रत्येक प्रांताला एक मत. पण खर्चाच्या दर १०० गिल्डरांतले (गिल्डर म्हणजे डच चलन) सुमारे ५८ एकटा हॉलंड भरायचा. तेव्हा कुणाच्या शब्दाला किती वजन होतं, ते उघड आहे. युद्ध किंवा नवा कर असा मोठा विषय आला की प्रतिनिधी आपापल्या शहरात परत जायचे, परिषदेला विचारायचे, पुन्हा हेगला यायचे. फ्रान्सच्या आणि इंग्लंडच्या वकिलांचा या दिरंगाईने जीव मेटाकुटीला यायचा. मला मात्र ही दिरंगाई या राज्याचं बलस्थान वाटते. सगळ्यांना विचारून बसवलेला कर वसूल व्हायचा.

वतनदारांशी तुलना करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वतन बापाकडून मुलाकडे जातं, भावांत वाटलं जातं, विकताही येतं. व्रुटस्खापची खुर्ची कायद्याने वारशात मिळत नव्हती. इतकंच नाही, बाप-लेक किंवा सख्खे भाऊ यांनी एकाच वेळी बसू नये असे नियम बऱ्याच शहरांत होते. वारसा नव्हता, म्हणूनच सोयरिकीला विलक्षण महत्त्व आलं. मुलगा बसू शकत नसेल तर जावई बसवा, मेहुणा बसवा, भाचा बसवा.

बिकर घराण्याचं उदाहरण घ्या. १६३० आणि ४० च्या दशकांत चार भाऊ होते: आंद्रीस, याकोब, यान आणि कॉर्नेलिस. पूर्वेकडचा मसाला, बाल्टिकचं धान्य, भूमध्य समुद्राचा व्यापार, अमेरिकेकडचा व्यापार, अशी जवळजवळ दुनियाच त्यांनी आपसांत वाटून घेतली होती. यानने तर बंदरालगतचं एक बेटच घेतलं, ते आजही बिकर बेट म्हणूनच ओळखलं जातं. या यानची बायको आग्नेटा ही द ग्राफ घराण्यातली. तिचा भाऊ कॉर्नेलिस द ग्राफ हा पुढे अ‍ॅम्स्टरडॅमचा सर्वांत वजनदार बर्गोमास्टर. यान आणि आग्नेटाची मुलगी वेंडेला. तिचं लग्न १६५५ मध्ये योहान द विटशी झालं. म्हणजे अ‍ॅम्स्टरडॅमचा हा बलाढ्य बर्गोमास्टर द विटचा मामेसासरा. इंग्रजी पुस्तकांत हे नातं ‘अंकल’ या एका शब्दात उरकतात. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे, आणि मामेसासऱ्याचं ऐकावं लागतं हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दोर्ड्रेख्तसारख्या शहरातून आलेला, २७ व्या वर्षी हॉलंडचा मुख्य सचिव झालेला हा तरुण पुढे १९ वर्षं टिकला, त्यात त्याच्या बुद्धीचा वाटा मोठा होताच. पण अ‍ॅम्स्टरडॅम पाठीशी नसतं तर ती बुद्धी कामाला आली नसती.

या राज्यात एक कायमचा पेच होता. प्रांतांचा ‘स्टाडहाउडर’, म्हणजे सेनापती म्हणा, हा परंपरेने ऑरेंज घराण्यातला. त्याच्याकडे लष्कर आणि लोकप्रियता, रेखेंटांकडे तिजोरी. १६१९ मध्ये स्टाडहाउडर मॉरिसच्या काळात योहान फान ओल्डेनबार्नेफेल्टसारख्या ७१ वर्षांच्या मुत्सद्द्याचा शिरच्छेद झाला, तो याच पेचातून. १६५० मध्ये स्टाडहाउडर दुसऱ्या विल्यमने सहा रेखेंटांना लोव्हेस्टाइनच्या किल्ल्यात डांबलं. त्यांत योहान द विटचे वडील याकोब होते. त्याच वेळी विल्यमने अ‍ॅम्स्टरडॅमवर गुपचूप फौज पाठवली. हिल्व्हरसमच्या माळावर रात्री ती फौज वाट चुकली. हॅम्बर्गहून टपाल घेऊन येणारा स्वार तिच्यातून पार झाला, आणि त्याने ही बातमी मौडनच्या किल्लेदाराला दिली. तो किल्लेदार आंद्रीस बिकरचा मुलगा. तो तातडीने शहरात पोचला, कॉर्नेलिस बिकरने दरवाजे बंद करवले. तडजोडीत बिकरांना पदं सोडावी लागली, पण त्याच वर्षी नोव्हेंबरात विल्यम देवीच्या रोगाने वारला. त्याचा मुलगा बापाच्या मृत्यूनंतर आठ दिवसांनी जन्मला. हॉलंडने पुढची २२ वर्षं स्टाडहाउडर नेमलाच नाही. रेखेंटांच्या राज्याचा हा भरात आलेला काळ.

स्वतःकडे ते कसं पाहत हे समजायला अ‍ॅम्स्टरडॅमच्या डाम चौकातली इमारत पाहावी. आज तिला राजवाडा म्हणतात, पण ती बांधली नगरसभागृह म्हणून. दलदलीत १३,६५९ लाकडी खांब ठोकून त्यावर ती उभी केली, १६५५ मध्ये तिचं उद्घाटन झालं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा मुख्य दालनाच्या जमिनीवर कोरलेले पृथ्वीचे नकाशे बघून पुढे सरकलो आणि बर्गोमास्टरांच्या खोलीत बराच वेळ उभा राहिलो. एका बाजूला होवर्ट फ्लिंकने काढलेला रोमन सेनापती क्युरिअस डेंटाटस आहे. शत्रूचे वकील सोन्याची भांडी घेऊन आलेत, आणि तो त्यांना हातातला सलगम दाखवतोय: मला हे पुरतं. समोर फर्डिनांड बोलच्या चित्रात पिऱ्हस राजाच्या हत्तीला न घाबरणारा रोमन वकील फाब्रिशिअस. चार बर्गोमास्टर रोज या दोन चित्रांच्या मध्ये बसून काम करत. लाच घेऊ नका आणि राजाला भिऊ नका, ही शिकवण त्यांनी स्वतःच्या डोळ्यांसमोर स्वतःच टांगून घेतली होती. ते सगळे तसे वागले असं मी म्हणणार नाही. पण आपण कसं असायला हवं याची त्यांना टोचणी होती, हे मला त्या खोलीत पटलं. दिवाळखोरीच्या कचेरीच्या दारावर तर ग्रीक पुराणकथेतला, वरून कोसळणारा इकारस आहे आणि त्याच्या भोवती रिकाम्या पेट्या आणि कागद कुरतडणारे उंदीर. कर्जबाजारी माणूस त्या दारातून आत जायचा.

चित्रांचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. संग्रहालयांत काळ्या कपड्यांतल्या गंभीर माणसांची सामूहिक चित्रं ‘रेखेंट’ या नावाने असतात. ते सगळे शहराचे सत्ताधारी नव्हेत. अनाथाश्रम, वृद्धाश्रम, इस्पितळ यांचे विश्वस्तही रेखेंटच म्हणवले जात, आणि त्यांची नेमणूक सहसा नगरसत्तेकडून व्हायची. बायकांना परिषदेत जागा नव्हती, पण या संस्थांच्या त्या ‘रेखेंटेस’ असत आणि हिशेबाच्या वह्या स्वतः तपासत. फ्रान्स हाल्सने १६६४ च्या सुमारास हार्लेमच्या वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांची दोन चित्रं काढली, एक पुरुषांचं, एक बायकांचं. तेव्हा तो ऐंशीच्या पुढे होता आणि हार्लेमच्या नगरसभेने त्याला वर्षाला २०० गिल्डर लावून दिले होते. ज्या वृद्धाश्रमासाठी चित्रं काढली, तीच इमारत आज त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. बायकांच्या चित्रातले हात बघा. थकलेले, हाडं दिसणारे, पण पकड घट्ट. आणि तो काळा रंग साधेपणाचा म्हणून पाहू नका. न विटणारा गडद काळा रंग चढवणं तेव्हा खर्चिक काम होतं.

पैशाचं अंग मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्या पिढीतले रेखेंट जहाजांत आणि गुदामांत पैसा घालत. नातवांच्या पिढीत तो पैसा हॉलंडच्या सरकारी कर्जरोख्यांत जाऊ लागला. म्हणजे कर्ज देणारे तेच आणि घेणाऱ्या सरकारात बसणारेही तेच. याचा परिणाम दुहेरी झाला. सरकार बुडवणार नाही अशी सगळ्यांची खात्री, म्हणून इतर देशांच्या मानाने फार कमी व्याजाने कर्ज मिळायचं. १६४० मध्ये दर ५ टक्के झाला आणि १६५५ मध्ये द विटने तो ४ टक्क्यांवर आणला. ज्यांच्या सभेने हा निर्णय केला, त्यांच्यातल्या अनेकांचं स्वतःचं उत्पन्न त्याने घटलं. दुसरीकडे, कराचा मोठा बोजा धान्य दळणं, बिअर, सरपण अशा रोजच्या गोष्टींवर पडला, आणि गोरगरिबांनी भरलेल्या त्या करातून रोखेधारकांचं व्याज भागायचं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

द विट हिशेबाचा माणूस होता, तोही असा तसा नव्हे. फ्रेंच गणिती देकार्तच्या भूमितीची जी लॅटिन आवृत्ती १६५९ ते ६१ दरम्यान निघाली, तिच्यात त्याचं वक्ररेषांवरचं लेखन आहे, आणि त्याच ग्रंथात योहानेस हुडे याचंही. १६७१ मध्ये द विटने हॉलंडच्या सभेपुढे वर्षासनांचं गणित मांडलं. सरकार तहहयात वर्षासन विकायचं: आज १४ गिल्डर भरा, मरेपर्यंत वर्षाला एक घ्या. वय कितीही असो, दर तोच. लोक हुशार, ते लहान मुलांच्या नावाने घेत. द विटने मृत्यूची शक्यता वयानुसार मांडून दाखवून दिलं की कोवळ्या वयाच्या निरोगी माणसासाठी १६ पेक्षा जास्त भाव हवा. राज्याचा सर्वोच्च अधिकारी स्वतः बसून संभाव्यतेचं गणित करतोय, हे त्या शतकात दुसरीकडे सापडणं कठीण. हुडे पुढे २१ वेळा बर्गोमास्टर झाला. कालव्यांच्या पाण्याची पातळी मोजायला त्याने संगमरवरी दगड बसवले. त्यांतला एक अजून जागेवर आहे.

हाच हुडे डच कंपनीचा संचालक होता, आणि इथे आपला मुलूख येतो. कंपनी १६०२ मध्ये सहा शहरांच्या शाखा मिळून झाली. वरचं मंडळ ‘सतरा महाशयां’चं, त्यांत अ‍ॅम्स्टरडॅमचे ८, झीलंडचे ४, उरलेल्या चार शाखांचा एकेक, आणि सतरावा अ‍ॅम्स्टरडॅम सोडून इतरांपैकी पाळीने. अ‍ॅम्स्टरडॅमला बहुमत मिळू नये म्हणून ही तजवीज. नगरपरिषदेच्या तडजोडीची सवय कंपनीच्या सनदेतही उतरली होती. संचालकांची निवड प्रत्यक्षात बर्गोमास्टरांच्या हातात, त्यामुळे तीच घराणी दोन्हीकडे.

१६३७ मध्ये योहान फान ट्विस्ट विजापूरच्या दरबारात जाऊन आला आणि डचांना वेंगुर्ल्याला वखार मिळाली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती मोक्याची जागा. तिचे भग्न अवशेष आजही तिथे उभे आहेत. वेंगुर्ल्याचा वखारवाला शिवाजी महाराजांच्या हालचाली, विजापूरच्या बातम्या, गोव्याच्या गलबतांची संख्या लिहून बटाव्हियाला, म्हणजे जावा बेटावरच्या कंपनीच्या मुख्य ठाण्याला, पाठवायचा. तिथे नक्कल व्हायची, सारांश व्हायचा आणि जहाजाने हॉलंडला जायचा. सहाआठ महिन्यांचा प्रवास. उत्तर यायला दीडदोन वर्षं. मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारतो: हे पत्र शेवटी वाचणार कोण? वाचणारा माणूस सकाळी अ‍ॅम्स्टरडॅमच्या कालव्यांच्या पातळीचा विषय संपवून दुपारी कंपनीच्या बैठकीला आलेला असायचा. म्हणून त्या पत्रांत लढाईच्या वर्णनाला दोन ओळी आणि मिरीच्या भावाला अर्धं पान. लिहिणाऱ्याला माहीत होतं, वाचणाऱ्याला काय हवंय. एकदा हे कळलं की पत्रातली गाळलेली जागाही बोलू लागते.

सगळेच तसे नव्हते. १३ वेळा बर्गोमास्टर झालेला निकोलास विटसेन नकाशे, वनस्पती, शंखशिंपले, सायबेरियाच्या टोळ्यांची माहिती असं सगळं जमवायचा. पीटर द ग्रेट १६९७ मध्ये जहाजबांधणी शिकायला आला तेव्हा त्याची व्यवस्था विटसेननेच लावली. म्हातारपणी एका विद्वान मित्राला त्याने कळवळून लिहिलं आहे की आपली माणसं तिकडे फक्त पैसा शोधतात, ज्ञान नाही. आणि तो पैसा कसा मिळाला तेही सांगायला हवं. १६२१ मध्ये कंपनीचा पूर्वेकडचा प्रमुख यान पीटरसोन कून याने जायफळासाठी आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची वस्ती जवळजवळ नाहीशी केली. अ‍ॅम्स्टरडॅमच्या अनाथाश्रमाच्या वह्यांत पावाचा तुकडान्‌तुकडा लिहिणाऱ्या वर्गानेच बांदाच्या जायफळाचा नफा स्वीकारला. डचांचं कौतुक करताना मी हे वाक्य कधी गाळत नाही.

आता १६७२. फ्रान्स, इंग्लंड आणि दोन जर्मन बिशप एकाच वर्षी चालून आले. आरमार भक्कम होतं, पण जमिनीवरचं लष्कर हलाखीत. त्याचा दोष रेखेंटांवर आला आणि तो पुष्कळसा रास्तही होता. कॉर्नेलिस द विट तुरुंगात होता, योहान त्याला न्यायला गेला आणि दोघे बाहेर आलेच ते जमावाच्या हाती. त्या जमावात शहराच्या नागरी पथकाचे लोक होते, हे फार थोड्या ठिकाणी ठळकपणे सांगितलेलं असतं. ही माणसं भिकारी नव्हती. दुकानदार, कारागीर, घर असलेली, कर भरणारी. शहराचं रक्षण करायचं त्यांनी, आणि परिषदेत कोण बसतं यावर त्यांचा शब्द शून्य. तो साठलेला राग त्या दिवशी बाहेर पडला.

त्यांना मिळालं काय? दुसऱ्या विल्यमचा तो मुलगा, तिसरा विल्यम, आता स्टाडहाउडर झाला होता. त्याने अनेक शहरांच्या परिषदांतून माणसं काढली आणि त्यांच्या जागी आपल्या मर्जीतली बसवली. ती त्याच थरातली, कित्येकदा त्याच घराण्यांची दुसरी शाखा. निवडीची पद्धत तशीच राहिली. अठराव्या शतकात तर ‘पत्रव्यवहाराचे करार’ या नावाने लेखी करारनामे होऊ लागले: या वर्षी हे पद तुमच्या मुलाला, पुढच्या वेळी आमच्या जावयाला. पोस्टमास्तरची किफायतशीर जागा तान्ह्या मुलाच्या नावावर लावायची, काम पगारी माणसाने करायचं, नफा घरात. हेरेनग्राख्तच्या कालव्यावर रुंद घर, व्हेख्त नदीकाठी उन्हाळ्याचा बंगला, विकत घेतलेल्या गावावरून नावापुढे ‘अमक्या गावचे अधिपती’ अशी पदवी. व्यापारी आजोबांची ही पतवंडं गोदीवर क्वचितच फिरकत.

१७४८ मध्ये कर वसूल करणाऱ्या इजारदारांची घरं लुटली गेली आणि इजाऱ्याची पद्धत बंद झाली. त्याच वर्षी अ‍ॅम्स्टरडॅमच्या नागरिकांनी पथकाच्या सभागृहात जमून टपालाचं उत्पन्न सरकारात जमा करा, पथकाचे अधिकारी आम्हाला निवडू द्या, अशा मागण्या केल्या. टपालाचं उत्पन्न रेखेंटांच्या हातून सुटलं. परिषदेची निवड मात्र आतूनच होत राहिली. १७८० च्या दशकात ‘देशभक्त’ म्हणवणाऱ्यांनी तेच पुन्हा मागितलं, तेव्हा १७८७ मध्ये प्रशियाची फौज आणून त्यांना मोडलं. शेवटी जानेवारी १७९५ मध्ये फ्रेंच सैन्य गोठलेल्या नद्या ओलांडून आलं आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या सभागृहात क्रांतिकारी समितीने परिषदेला बरखास्त झाल्याचं सांगितलं. १५७८ ला होड्या होत्या. या वेळी सभासद आपापल्या घरी चालत गेले. तेरा वर्षांनी नेपोलियनचा भाऊ लुई याने ती इमारत आपला राजवाडा केली. सलगम धरलेला क्युरिअस अजून त्या खोलीत आहे. अ‍ॅम्स्टरडॅमला गेलात तर तिथे जरूर थांबा.